लाटेकमधून थेट पीडीएफ काढताना आकृत्या गायब होतात, लिंक एरर देतात: ड्रायव्हरचा घोळ नेमका कुठे शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे की पीएचडीच्या प्रबंधासाठी सीनियरकडून आलेलं दहाबारा वर्षं जुनं लाटेकचं, म्हणजे पुस्तकं-प्रबंधांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामचं, टेम्प्लेट आहे, त्यांच्याकडे ते नीट चालायचं, आता तेच पीडीएफलाटेकने, म्हणजे थेट पीडीएफ काढणाऱ्या लाटेकने, रन केलं तर पीडीएफ तयार होते पण आकृत्यांच्या जागी पांढरी मोकळी जागा येते आणि खाली कॅप्शन मात्र बरोबर असतं, हायपररेफ हे लिंक करणारं पॅकेज (लाटेकला जोडायची जास्तीची सोय) चुकीच्या ड्रायव्हरची एरर देतं, पान एफोर सांगूनही लेटर साइझचं येतं, आणि हे सगळं निस्तरून शेवटी मराठी गोषवाराही त्यातच घालायचाय. मी गेली १८ वर्षं पुस्तकं आणि प्रबंध लाटेकमध्ये लावून द्यायचं काम करते आणि ह्या चारही तक्रारी मी एकाच फाइलमध्ये इतक्या वेळा बघितल्यात की आता फाइल उघडायच्या आधी मी पहिली ओळ वाचते, डॉक्युमेंटक्लासची. चारातल्या पहिल्या तिन्ही बहुतेक वेळा एकाच कारणाने येतात आणि ते कारण म्हणजे टेम्प्लेटमध्ये कुणीतरी हाताने लिहून ठेवलेला ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हटलं की लोक प्रिंटरचा ड्रायव्हर समजतात आणि विंडोज अपडेट करत बसतात, त्याचा इथे काही संबंध नाही. हे समजायला थोडं मागे जावं लागेल पण दोन मिनिटं द्या, कारण एकदा हे डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक एरर तुमची तुम्हालाच वाचता येते. क्नुथ यांचं टेक, ज्याच्यावर लाटेक उभं आहे, ते मुळात पीडीएफ बनवतच नव्हतं, ते डीव्हीआय नावाची फाइल बनवायचं, तिचा फॉरमॅट डेव्हिड फुक्स यांनी १९७९ मध्ये ठरवला. त्या फाइलमध्ये फक्त एवढंच असतं की अमुक फॉन्टमधलं अमुक अक्षर पानावर अमुक ठिकाणी आणि अमुक ठिकाणी एवढी जाड काळी पट्टी. रंग, चित्र, फिरवलेला मजकूर, लिंक, ह्यातलं काहीच डीव्हीआयला माहीत नाही. मग ह्या गोष्टींसाठी स्पेशल नावाची सोय ठेवली, म्हणजे टेक एक सीलबंद पाकीट त्या जागी ठेवून देतं, स्वतः उघडून बघत नाही, आणि पुढे जो प्रोग्राम डीव्हीआयचं छापण्याजोगं रूप करतो तो ते पाकीट फोडून वाचतो. तो पुढचा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. डीव्हीआयपीएस हा त्यातला एक जुना आणि भरवशाचा, टॉमस रोकिकी यांनी लिहिलेला, त्याच्यासाठीची पाकिटं पोस्टस्क्रिप्ट ह्या छपाईच्या भाषेत लिहिलेली असतात. तुमच्या सीनियरचा रस्ता हाच होता: लाटेक, मग डीव्हीआयपीएस, मग पीएसचं, म्हणजे पोस्टस्क्रिप्टचं, पीडीएफ करणारा प्रोग्राम.

पीडीएफटेक, म्हणजे पीडीएफलाटेकच्या आतलं इंजिन, वेगळं आहे. व्हिएतनामच्या हान थे थान्ह यांनी ब्रनोच्या मासारिक विद्यापीठात शिकताना ते उभं केलं, त्यात मधला डीव्हीआयचा टप्पाच नाही, टेक स्वतःच पीडीएफ लिहितं, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हर एकच झाले. आणि ह्या इंजिनाला पोस्टस्क्रिप्ट अजिबात वाचता येत नाही. आता तुमच्या फाइलमध्ये चित्रं घालणाऱ्या ग्राफिक्सएक्स पॅकेजच्या चौकोनी कंसात डीव्हीआयपीएस लिहिलंय, त्यामुळे पॅकेज बिचारं सांगितल्याप्रमाणे पोस्टस्क्रिप्टमधली पाकिटं तयार करतं, पीडीएफटेक ती बघतं, भाषा आपली नाही म्हणून बाजूला टाकतं आणि पुढे जातं. चित्राची उंची-रुंदी मात्र आधीच मोजून झालेली असते म्हणून तेवढी जागा सुटते आणि खाली कॅप्शन येतं. तुम्हाला दिसलेला पांढरा चौकोन तो हा. त्या वेळी लॉगमध्ये एक साधी वॉर्निंग पडते, नॉन-पीडीएफ स्पेशल इग्नोअर्ड अशी, एरर नाही, रन थांबत नाही, म्हणून ती कुणी वाचत नाही. ३०० पानांच्या प्रबंधात मी ही वॉर्निंग ८० वेळा आलेली बघितलीय आणि मालकाला तिचा पत्ता नव्हता.

तर पहिलं काम, काहीही बदलण्याआधी, डॉट लॉग फाइल एडिटरमध्ये उघडा आणि त्यात ड्रायव्हर फाइल हे दोन शब्द इंग्रजीत शोधा. ग्राफिक्स पॅकेज दर वेळी एक ओळ लिहितं की मी अमुक ड्रायव्हर फाइल वापरतोय. पीडीएफलाटेकने रन केलं असेल तर तिथे पीडीएफटेक डॉट डेफ दिसायला हवं, झीलाटेकने केलं तर झीटेक डॉट डेफ, लुआलाटेकने केलं तर लुआटेक डॉट डेफ (ही दोन लाटेकची युनिकोड चालणारी रूपं). तिथे डीव्हीआयपीएस डॉट डेफ दिसलं की रोग सापडला. त्याच लॉगच्या अगदी पहिल्या ओळीत कुठलं इंजिन चाललंय ते लिहिलेलं असतं, ती ओळ आणि ही ओळ जुळते का, एवढंच बघायचं. लोक एकेक पॅकेज काढून बघतात, रात्र घालवतात, आणि ह्या दोन ओळी वाचायला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

आता ते डीव्हीआयपीएस कुठून आलं ते शोधायचं, आणि ते एकाच जागी असेल असं समजू नका. सगळ्यात वरची जागा म्हणजे डॉक्युमेंटक्लासचा चौकोनी कंस. तिथे एफोरपेपर, ट्वेल्व्हपॉइंट ह्यांच्या रांगेत कुणी डीव्हीआयपीएस लिहिलं असेल तर तो ग्लोबल ऑप्शन होतो, म्हणजे ज्या ज्या पॅकेजला तो शब्द कळतो त्या प्रत्येकाला तो जाऊन पोचतो, ग्राफिक्सएक्स, कलर, पानाची मापं ठरवणारी जिऑमेट्री, हायपररेफ, सगळ्यांना. तुम्ही खाली ग्राफिक्सएक्सचा कंस साफ करता आणि तरी काहीच फरक पडत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. दुसरी जागा अर्थातच प्रत्येक पॅकेजचा स्वतःचा कंस. तिसरी जागा विद्यापीठाची किंवा डिपार्टमेंटची म्हणून दिलेली डॉट सीएलएस (क्लासची) किंवा डॉट एसटीवाय (पॅकेजची) फाइल, ती उघडून तिच्यातसुद्धा शोधा, लोक ती पवित्र समजून उघडतच नाहीत.

चौथी जागा मला एकदा दोन संध्याकाळी घेऊन गेली म्हणून मुद्दाम सांगते. एका गणिताच्या पुस्तकाचं काम आलं होतं, क्लास साफ, पॅकेज साफ, सगळ्या फाइलींमध्ये डीव्हीआयपीएस शब्द शोधला तर एकही सापडेना, आणि लॉग मात्र दर वेळी डीव्हीआयपीएस डॉट डेफ म्हणतोय. शेवटी लॉगमध्ये कंस उघडतात तिथे कुठली फाइल कुठल्या फोल्डरमधून उचलली ते एकेक वाचत गेले तेव्हा दिसलं की ग्राफिक्स डॉट सीएफजी ही फाइल टेकच्या इन्स्टॉलेशनमधून न येता पुस्तकाच्याच फोल्डरमधून येतेय. कुणीतरी कधीतरी तिथे आणून टाकलेली, आत एकच ओळ, एक्झिक्यूटऑप्शन्स आणि पुढे डीव्हीआयपीएस. मी शोधत होते डॉट टेक, डॉट एसटीवाय आणि डॉट सीएलएसमध्ये आणि ही होती डॉट सीएफजी. ती उडवली आणि ४० आकृत्या एका रनमध्ये परत आल्या. तेव्हापासून मी आधी टर्मिनलमध्ये केपीएसविच कमांडला ग्राफिक्स डॉट सीएफजी हे नाव देऊन बघते, नेमकी कुठली प्रत उचलली जातेय तो पूर्ण पत्ता ती छापते, आणि ऑल हा ऑप्शन लावला तर जितक्या प्रती आहेत तितक्या सगळ्या दाखवते. टेकलाइव्ह आणि मिकटेक, म्हणजे टेक इन्स्टॉल करायचे दोन नेहमीचे संच, दोन्हीसोबत ही कमांड येते.

मग डीव्हीआयपीएस काढून त्या जागी काय लिहायचं, पीडीएफटेक लिहायचं का? माझं स्पष्ट मत, काहीच लिहू नका. आजची ग्राफिक्सएक्स, हायपररेफ, जिऑमेट्री, एक्सकलर, टिक्झ, ही सगळी कुठलं इंजिन चालू आहे ते स्वतः ओळखतात आणि योग्य तो ड्रायव्हर घेतात. तुम्ही हाताने पीडीएफटेक लिहिलंत तर आज चालेल, पण उद्या मराठीसाठी झीलाटेकवर जाल तेव्हा तोच घोळ उलट्या बाजूने येईल. कुणी उलट साध्या लाटेकने रन केलं आणि कंसात पीडीएफटेक राहिलं तर पीडीएफ मोड अपेक्षित होता पण डीव्हीआय मोड सापडला अशी एरर येते, ती निदान रन अडवून सांगते तरी. ड्रायव्हर लिहावा लागतो तो फक्त डीव्हीआयपीडीएफएमएक्स (डीव्हीआयचं सरळ पीडीएफ करणारा ड्रायव्हर) ह्या रस्त्याने जाणाऱ्यांना, कारण तिथे इंजिन साधं लाटेकच असतं आणि पुढे डीव्हीआय कुणाच्या हातात जाणार हे त्याला कळायची सोय नसते. तुम्ही त्या रस्त्याने जात नाही आहात.

एक चूक होते ती आधीच सांगते. एक्सकलरच्या कंसात डीव्हीआयपीएसनेम्स असा शब्द दिसेल, तो काढू नका! तो ड्रायव्हर नाही, ती रंगांच्या नावांची यादी आहे, ६८ नावं, आणि ती कुठल्याही इंजिनात चालते. माझ्याकडे एक मुलगी फाइंड-रिप्लेस करून आली होती, सगळीकडून डीव्हीआयपीएस हा शब्द उडवलेला, त्यामुळे कंसात नुसतं नेम्स उरलं आणि तिचे सगळे रंग अनडिफाइन्ड झाले, आणि ती बिचारी समजत होती की ड्रायव्हरचाच प्रॉब्लेम अजून शिल्लक आहे.

ड्रायव्हर साफ झाला की लगेच दुसरी एरर येईल आणि तेव्हा घाबरू नका, ती प्रगती आहे. आता पीडीएफटेकचा ड्रायव्हर तुमच्या ईपीएस, म्हणजे पोस्टस्क्रिप्टमधल्या, आकृत्या बघेल आणि हे एक्स्टेन्शन मला माहीत नाही म्हणेल, किंवा टेकलाइव्ह २०१० च्या पुढचं असेल तर बहुधा गुपचूप स्वतःच कन्व्हर्ट करेल आणि फोल्डरमध्ये ईपीएस-कन्व्हर्टेड-टू असं नाव लावलेल्या पीडीएफ पडलेल्या दिसतील. मिकटेकवर किंवा घोस्टस्क्रिप्ट (पोस्टस्क्रिप्ट वाचणारा प्रोग्राम) नसलेल्या मशिनवर हे आपोआप होत नाही कधीकधी. मला स्वतःला हे आपोआप होणं आवडत नाही, कारण आकृती बदलली आणि कन्व्हर्टेड प्रत जुनीच राहिली तर जुनं चित्र छापून जातं, आणि प्रबंधात ग्राफ जुना जाणं ही छोटी गोष्ट नाही. त्यापेक्षा एकदाच बसून ईपीएसटूपीडीएफ कमांडने सगळ्या ईपीएस पीडीएफ करून घ्या आणि इन्क्लूडग्राफिक्समध्ये एक्स्टेन्शन लिहूच नका, नुसतं नाव लिहा, म्हणजे इंजिन त्याला चालणारी फाइल उचलेल. मॅटलॅबमधून किंवा ओरिजिनमधून आकृत्या काढत असाल तर पुढच्या वेळी थेट पीडीएफ एक्सपोर्ट करा. जेपीजी आणि पीएनजी पीडीएफलाटेकला थेट चालतात, उलट जुन्या रस्त्याला त्या चालत नव्हत्या, बाउंडिंग बॉक्स, म्हणजे चित्राची मापं, नाही म्हणून एरर यायची, त्यामुळे सीनियरने फोटोंच्यासुद्धा ईपीएस केलेल्या असतील. मूळ जेपीजी मागून घ्या, फाइल हलकी होईल आणि फोटोही स्वच्छ येतील.

खरी अडचण येते ती टेम्प्लेटमध्ये पीएसट्रिक्स किंवा पीएसफ्रॅग असेल तर. ही पॅकेजेस पोस्टस्क्रिप्टवरच उभी आहेत, आकृतीचं गणितच पोस्टस्क्रिप्ट करतं, त्यामुळे पीडीएफलाटेकमध्ये ऑप्शन बदलून ती चालणार नाहीत, कितीही प्रयत्न करा. ऑटो-पीएसटी-पीडीएफ नावाचं पॅकेज आहे, ते मागच्या मागे जुना रस्ता चालवून आकृत्या पीडीएफ करून आणतं, पण त्यासाठी शेल-एस्केप चालू करावं लागतं, म्हणजे लाटेकच्या फाइलला तुमच्या मशिनवर कुठलीही कमांड चालवायची परवानगी दिल्यासारखं आहे, स्वतःच्या फाइलला ठीक, दुसऱ्याकडून आलेल्या फाइलला मी ती कधीच देत नाही. माझी पद्धत साधी आहे, प्रत्येक पीएसट्रिक्स आकृती वेगळ्या छोट्या फाइलमध्ये काढते, ती एकटी जुन्या रस्त्याने लाटेक, डीव्हीआयपीएस, पीएसटूपीडीएफ करून पीडीएफ करते, पीडीएफक्रॉपने कडेची पांढरी जागा कापते, आणि मुख्य प्रबंधात ती चित्र म्हणून घेते. १५-२० आकृत्या असतील तर एक दिवस जातो, पण त्यानंतर मुख्य फाइल कुठल्याही इंजिनात बिनधास्त चालते.

पानाच्या साइझचं आता. क्लासमध्ये एफोरपेपर लिहिलं की लाटेक मजकूर एफोर धरून मांडतं, पण प्रत्यक्ष पीडीएफचं पान किती मोठं हे वेगळं ठिकाण सांगतं, पीडीएफटेकमध्ये त्याचे पीडीएफपेजविड्थ आणि पीडीएफपेजहाइट असे दोन वेगळे आकडे असतात. जिऑमेट्रीला डीव्हीआयपीएस सांगितलेलं असलं की ती पानाची साइझ पाकिटात घालून पाठवते, पीडीएफटेक ते टाकून देतं, आणि मग इन्स्टॉल करताना जी डीफॉल्ट साइझ ठरली असेल ती लागते. लेटर पान २१६ बाय २७९ मिलिमीटर, एफोर २१० बाय २९७. टेक मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून करतं, म्हणून लेटर पान लागलं की वरचं सगळं बरोबर दिसतं आणि खालून १८ मिलिमीटर कमी होतात, पान नंबर अगदी कडेला टेकतो. मग झेरॉक्सवाला फिट टू पेज करून छापतो, सगळं पान तीनेक टक्के लहान होतं आणि विद्यापीठाने मोजून मागितलेला बाइंडिंगकडचा मार्जिन चुकतो. जिऑमेट्रीचा ड्रायव्हर साफ केला की हे आपोआप बरोबर होतं, खात्री करायची असेल तर पीडीएफइन्फो कमांड पेज साइझ सांगते, एफोरला ५९५ बाय ८४२ पॉइंटच्या आसपास आकडा यायला पाहिजे.

हायपररेफची एरर तर स्वतःच सांगते की डीव्हीआय मोडचा ड्रायव्हर ऑप्शन चुकीचा आहे कारण पीडीएफटेक पीडीएफ मोडमध्ये चाललंय. ती ऑप्शन काढली की संपलं. फक्त इंजिन किंवा ड्रायव्हर बदलल्यावर जुन्या डॉट ऑक्स, डॉट आउट, डॉट टीओसी ह्या फाइली डिलीट करून मग रन करा, कारण त्यात मागच्या रनने लिहून ठेवलेल्या ओळी असतात आणि नवं इंजिन त्या वाचून भलत्याच ओळीवर अडखळतं. अनुभवाने सांगते, दुरुस्ती बरोबर असूनही लोक इथे फसतात आणि केलेली दुरुस्ती परत फिरवतात.

आता मराठी गोषवारा. पीडीएफलाटेकमध्ये युनिकोड देवनागरी सरळ होत नाही, जोडाक्षरं आणि वेलांटीची अदलाबदल फॉन्टच्या आतल्या नियमांनी होते आणि ते नियम पीडीएफटेक वाचत नाही. फॉन्टस्पेक पॅकेज घातलंत तर ते तिथेच थांबून सांगतं की झीटेक किंवा लुआटेक पाहिजे. म्हणून मी म्हणेन सगळा प्रबंधच झीलाटेकवर न्या, नुसता गोषवारा वेगळा करून जोडू नका, अनुक्रमणिका आणि पान नंबर दोन ठिकाणी सांभाळत बसावं लागतं. ओव्हरलीफवर (ब्राउझरमधलं ऑनलाइन लाटेक) असाल तर कंपायलर बदलून झीलाटेक करा. फॉन्ट म्हणून आयआयटी मुंबईचा शोभिका घ्या, फुकट आहे, छापील पुस्तकासारखा दिसतो, आणि फॉन्ट सांगताना स्क्रिप्ट देवनागरी लिहायला विसरू नका, नाहीतर र्‍ह आणि क्ष सुटे पडून येतात. लँग्वेज मराठी लिहिलंत तर फॉन्टमध्ये सोय असल्यास ल आणि श मराठी वळणाचे येतात, आपल्या वाचकाला हा फरक लगेच कळतो. लुआलाटेक निवडलंत तर रेंडरर हार्फबझ (जोडाक्षरं जुळवणारा भाग) असंही सांगावं लागतं.

झीलाटेकबद्दल एक सावधगिरी, आणि ही ड्रायव्हरचीच आहे. झीलाटेक पीडीएफ थेट देतं असं दिसतं पण आत ते डीव्हीआयचं वाढवलेलं रूप बनवून एक्सडीव्हीआयपीडीएफएमएक्स ह्या ड्रायव्हरकडे देतं, आणि ह्या ड्रायव्हरला डीव्हीआयपीएसची काही पाकिटं वाचता येतात. म्हणजे चुकीचा ऑप्शन राहिला असेल तरी ईपीएस चित्रं दिसतात, रंग येतात, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मग कुठल्यातरी ६०व्या पानावर जेपीजी अडते किंवा आडवा फिरवलेला तक्ता जागेवर बसत नाही. पीडीएफलाटेकमध्ये निदान सगळं एकदम बिघडतं म्हणून लक्षात तरी येतं, इथे अर्धं चालतं. त्यामुळे झीलाटेकवर गेल्यावर सगळं दिसतंय तरीसुद्धा लॉगमधली ती ड्रायव्हर फाइलची ओळ परत एकदा बघा, झीटेक डॉट डेफ आहे ना. सोबत फॉन्टएन्क आणि इनपुटएन्क ही दोन जुनी पॅकेजेस काढून टाका, झीलाटेकला त्यांची गरज नाही.

कधी एरर अशी येते की लाटेकच्या सपोर्ट फाइली एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून लोडिंग थांबवलं. ही तुमच्या फाइलची चूक नसते. नवीन लाटेकमध्ये ड्रायव्हरचा एक भाग एलथ्रीबॅकएंड नावाच्या वेगळ्या पॅकेजात गेलाय आणि अर्धवट अपडेट झालं किंवा घरच्या टेकएमएफ फोल्डरमध्ये (आपण स्वतः टाकलेल्या पॅकेजांच्या) जुनी प्रत राहिली की दोन वेगळ्या वयाच्या फाइली एकत्र येतात. सगळं इन्स्टॉलेशन एकदम अपडेट करा, एकेक पॅकेज नको, आणि केपीएसविचने जुनी प्रत कुठे लपलीय ती शोधून हटवा.

सगळं झाल्यावर पीडीएफफॉन्ट्स ही कमांड तयार पीडीएफवर चालवा, ईएमबी असं लिहिलेला एक कॉलम असतो, त्यात प्रत्येक फॉन्टपुढे येस आलं पाहिजे. ज्या ओळीत नो असेल तो फॉन्ट जवळजवळ नेहमी एखाद्या जुन्या ईपीएसमधून आलेला हेल्वेटिका किंवा टाइम्स असतो, म्हणजे ती एक आकृती परत काढायची. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाणार आहे, दुसऱ्याच्या मशिनवर ग्राफच्या अक्षांवरचे आकडे भलत्या फॉन्टमध्ये दिसले तर चालणार नाही. आणि मराठी गोषवाऱ्यातली दोन वाक्यं पीडीएफमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा, वेलांट्या जागेवर राहतात का ते तिथेच कळेल. बिघडत असतील तर फॉन्ट बदलून किंवा लुआलाटेक-हार्फबझवर तेच पान काढून मला दोन्ही पीडीएफ आणि लॉगच्या पहिल्या ५० ओळी दाखवा, मी बघते.